पडताळणी होईपर्यंत सील फोडू नये

नाही नाही, त्या खोक्यावर नका बसू साहेब — म्हणजे बसलात तरी काही बिघडत नाही, पण खोकी अनुदानाची, तुम्ही त्यांची तपासणी करायला आलेले, आणि तुम्हीच त्यांच्यावर बसलात तर कसं दिसेल ते? थांबा, खुर्ची देते. ही घ्या. हिचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकवून बसलं की निमूट राहते. तळघरात आणलं तुम्हाला, राग मानू नका — पोलीस मुख्यालयाचं भांडार खालीच असायचं, वर मोठी माणसं बसतात आणि खाली त्यांचं सामान. वास येतोय ना? डांबरगोळ्यांचा. मला आता येत नाही. घरी गेले की आमचे हे म्हणतात, आली बाई कपाट उघडून. पाणी घेता? बरं, राहिलं.

तर काय सांगत होते — हां, जाकिटं. बुलेटप्रूफ जाकिटं, खास सरकारी अनुदानातून आलेली, एका खोक्यात एक, आणि प्रत्येक खोक्यावर माझ्या हातचं लाखेचं सील. ट्रक आला त्या दिवशी हमाल नव्हते, हमालांचं कंत्राट संपलं होतं, तेव्हा मी आणि बंदोबस्ताच्या पथकातली पोरं, आम्हीच वाहून आणली खाली. पोरं काय खूश होती म्हणून सांगू — एकाने तर तिथंच छातीशी धरून फोटो काढला, खोक्याचा, जाकिटाचा नाही, कारण खोकं फोडायचं नाही. तुमच्या विभागाचं पत्र आहे तसं. मला तोंडपाठ झालंय: अनुदानातून खरेदी केलेली वस्तू विभागाच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पडताळणी करेपर्यंत वापरात आणू नये. म्हणजे तुम्ही यायचं, बघायचं, सही करायची, मग वाटप, आणि वाटप झालं की दुसरा हप्ता, त्यातून हेल्मेटं. सरळ काम. कुणाला वाटेल आठवड्याभरात होईल. तुमच्या आधीच्या साहेबांची बदली झाली. त्यांच्या आधीच्यांच्या घरी लग्न निघालं. मधे तर तुमच्या ऑफिसातून फोन आला की पडताळणीच्या दौऱ्याला गाडी नाही, प्रवासाच्या खर्चाचं अनुदान यायचंय. मी म्हटलं, बरं झालं, म्हणजे आपण एकाच जातीचे. हसू नका साहेब, तेव्हा मीही हसले होते.

तुम्ही आज आलात तेच खूप झालं. खरं सांगते, सकाळी फोन आला की साहेब येतायत, तर मी आधी वर पथकाच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं, पोरांनो, बाहेर पडायच्या आधी खाली या, आज जाकिटं मिळणार. बोलायला नको होतं, सही व्हायच्या आधी बोलू नये, पण बोलून गेले. चारला निघायचंय त्यांना. गोदामांच्या वस्तीत बंदोबस्त आहे, परवा जिथं गच्चीवरून गोळ्या आल्या तिथंच. पेपरात वाचलं असेल तुम्ही. तेव्हा तुम्ही आत्ता सही केलीत तर मी इथल्या इथं सील फोडून खिडकीतून एकेकाला देते, दहा मिनिटांचं काम, नावं लिहून तयार ठेवलीत. नाही केलीत तर ती पोरं आहे तशीच जाणार. आहे तशी म्हणजे कशी, ते दाखवते. हे बघा, खुंटीवरचं. हे जुनं जाकीट. हात लावून बघा — आत पत्राच नाही. पत्रे कधीच काढून टाकले, गंजून मोडले होते. नुसतं कापड आहे, वर पोलीस लिहिलेलं. समोरच्याला वाटतं, जाकीट घातलंय, आणि तो नेम धरतो डोक्यावर. हे नसतं तर बरं, असं पोरंच म्हणतात.

अनुदान येत नाही असं नाही हं. येतं, भरपूर येतं, फक्त कशासाठी येईल ते देवाला ठाऊक. एकदा होड्या आल्या. या शहरात नदी म्हणाल तर ती, पुलाखालची, तिच्यात म्हैस बसली तर पाठ कोरडी राहते. पण बचावकार्याचं अनुदान होतं, वर्ष संपायच्या आत खर्च करायचं होतं, नाहीतर परत जातं, आणि परत गेलं की पुढच्या वर्षी तेवढं कमी मिळतं. घेतल्या होड्या. त्या पलीकडच्या खोलीत आहेत, मी त्यात जुने तंबू ठेवलेत. मग फोटो छापायचं यंत्र आलं, हरवलेल्या माणसांचे फोटो छापायला, आणि शाई आली नाही, कारण यंत्र हे यंत्रसामग्रीत बसतं आणि शाई बसत नाही. मी वरच्या साहेबांना म्हटलं, जेवायला ताट दिलं, भात विकत आणा. ते म्हणाले, बाई, तुम्ही फार बोलता. बोलतेच. दिवसभर खोक्यांशी बोलायचं, मग माणूस दिसलं की सुटते मी.

मोजताय का? मोजा ना. बसून मोजता येतील तुम्हाला, चार थप्प्या आहेत, सारख्या उंचीच्या. उघडून बघायची असतील तर ही वरची घ्या — ही, किंवा ती, कुठलंही घ्या — वरचं काढणं सोपं. खालचं कशाला, खालचं काढायला सगळी थप्पी हलवावी लागेल, तुमची पाठ, माझी पाठ, आणि लंबू असता तर त्याने एका हाताने उचलली असती, पण लंबू नाही, तो घरी पडून आहे, बरगडी मोडलीय. लंबू म्हणजे आमच्या पथकातला, ताडासारखा आहे म्हणून लंबू. त्याला गोळी लागली ना परवा. छातीत. नाही, ठीक आहे तो, बरगडीवरच निभावलं. नशीब. नशीबच म्हणायचं.

कसा वाचला म्हणजे? तेच, जाकीट होतं ना अंगात. जुनंच. जुन्यातलं एखादं बरं असतं. पत्रा असलेलं. होतं एक तसं.

साहेब, तुम्ही त्या खोक्याकडे का बघताय? मघापासून बघताय. मी तुम्हाला तिथं बसू दिलं नाही म्हणून बघताय का? अहो, ते काही वेगळं नाही. लाख जरा जास्त पडलीय त्याच्यावर, बाकी सारखंच. घाईत टाकली मी. मेणबत्तीवर लाख वितळवायची, दोऱ्याच्या गाठीवर टाकायची आणि गरम आहे तोवर शिक्का दाबायचा, एवढंच काम, आयुष्यभर केलं, डोळे मिटून करेन. पण त्या दिवशी अंगठा भाजला. हा बघा, अजून डाग आहे.

मी हलकं आहे ते म्हणून म्हटलं बसू नका. झालं? दबलं असतं.

तुम्हाला लेक आहे का हो? लहान असेल, तुमच्या वयाला. मला दोन. थोरली शाळेत शिकवते, तिची मला कधी काळजी नाही, तिला पोरांनी कागदाचे बाण मारले तर मारले. धाकटी इथंच आहे. पथकात. आत्ता वर असेल, बूट बांधत असेल, उंचीला एवढीशी, माझ्या खांद्याला लागते, पण तिला भरतीच्या वेळी कुणी मागे टाकलं नाही धावण्यात. मीच तिला म्हटलं होतं, पोलिसात ये, नोकरी पक्की, निवृत्तीवेतन, घर मिळतं. मी कारकुनी बघितली होती ना पोलिसातली, मला वाटलं पोलीस म्हणजे तळघर आणि डांबरगोळ्या. तिने पथक मागून घेतलं. पहिल्या बंदोबस्ताला गेली तेव्हापासून आमचे हे टीव्ही लावून बसतात, बातम्या, आवाज बंद करून. मी म्हटलं आवाज तरी लावा. म्हणाले, नको, ऐकायची हिंमत नाही, नुसतं बघतो ती दिसते का.

आणि मी इथं. दिवसभर इथं. डोक्यापासून पायापर्यंत जाकिटांच्या गराड्यात. विचार करा साहेब, स्वयंपाकीण बाई आहे, घरात डबे भरलेले आहेत, आणि लेकरू उपाशी झोपतंय — कारण काय, तर पाहुणा येऊन डबे बघून जायचाय. किती दिवस बघायची वाट? एक पाहुणा बदली होऊन गेला, दुसरा लग्नात अडकला. आणि जाकिटावर तारीख असते, माहीत असेल तुम्हाला, इतक्या वर्षांनी पत्रा बाद. ती तारीख काही तुमच्या पडताळणीसाठी थांबत नाही. ती चालूच आहे, खोक्यात.

तर मी एक काढलं.

एकच. चोरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, मी माझं नाव चोरच ठेवलंय मनात. चादरीत गुंडाळलं, धुवायला नेतेय म्हणून नेलं, आणि खोक्यात दोन जुनी घोंगडी भरली वजनाला, नि सील केलं परत. सील माझंच, शिक्का माझाच, मला कोण अडवणार? सगळं मुख्यालय मला कुलूपबाई म्हणतं. एक पायमोजा नियमाबाहेर कधी दिला नाही कुणाला, आयुक्तांच्या ड्रायव्हरला साधी टोपी दिली नाही चिठ्ठीशिवाय, म्हणून कुलूपबाई. त्या कुलूपबाईने स्वतःच्या लेकीसाठी खोकं फोडलं. दुसऱ्यांच्या लेकरांची खोकी शाबूत ठेवली, बघा, तीही अक्कल होती मला. आपला तो बाब्या. मला लाज वाटते साहेब, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, ही त्याहून लाजेची गोष्ट.

आणि तिने घातलं का? तिने ऐकलं असतं तर ती माझी कसली. घरी घालून बघितलं, आरशासमोर उभी राहिली, मला म्हणाली, आई, छान बसतंय गं. मला रात्रभर झोप लागली त्या दिवशी, किती दिवसांनी. आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर तिने ते काढलं आणि लंबूला दिलं. का, तर लंबू पुढे असतो. ढाल घेऊन पुढे तोच असतो, उंच म्हणून. मग त्यांनी आपसात ठरवूनच टाकलं — जो पुढे, त्याच्या अंगात. गल्लीत शिरताना जो पुढे असेल त्याने घालायचं, बाहेर आल्यावर काढून द्यायचं. एका जाकिटावर अख्खं पथक. घामाने चिंब असायचं म्हणे, तरी पाळी चुकवायचं नाही कुणी. आणि मला पत्ता नाही. मी आपली रोज संध्याकाळी हिच्या शर्टाची बटणं बघायची, जाकिटाने ताणलीत का म्हणून, आणि म्हणायची, बाळा, उकडतं का गं आत? ती म्हणायची, सवय झाली आई.

परवा लंबूची पाळी होती. गोळी बरोबर इथं लागली. त्याची बायको मला भेटायला आली, पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. मला काय म्हणायचं होतं तिला? की बाई, मी ते तुझ्या नवऱ्यासाठी नव्हतं काढलं? मनात आलं होतं साहेब, खोटं नाही बोलत — ऐकलं तेव्हा पहिलं मनात आलं की मग माझी तिथं कशी होती, काय घालून होती? काही नाही घातलं. त्याच्या पाठीला पाठ लावून उभी होती, नुसत्या शर्टावर.

तर ते जाकीट परत आणून खोक्यात ठेवता येत नाही, नाहीतर कालच ठेवलं असतं. ते पुरावा झालं ना. गोळी लागलेली वस्तू, मुद्देमाल. तपासाच्या साहेबांनी नेलं, पिशवीत घातलं, लाख लावली, न्यायालयात जमा केलं. पुन्हा सीलबंद. सीलच त्याच्या नशिबात. कागदावर त्यांनी लिहिलं, जुने जाकीट, एक. त्यांना दिसत नव्हतं का ते नवं आहे? सगळ्यांना माहीत आहे साहेब. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे गप्प आहेत, कारण तुमची सही व्हायचीय. तुम्ही सही केलीत की मी एक हरवलं म्हणून माझ्या पगारातून भरून देणार, अर्जही लिहून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात टाकणार होते, गवगवा न होता मिटलं असतं. बस, एवढंच. आता सगळं सांगितलं. तुम्ही खोकं फोडणार, घोंगडी निघणार, त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. लिहा माझ्यावर काय लिहायचं ते. भांडारप्रमुख महिलेने एक जाकीट काढले, लिहा, मी सही करते. निलंबित करा. पण बाकीच्यांची पडताळणी करून टाका. ती तर सगळी आहेत ना. वाटल्यास एकेक फोडून बघा, मी कात्री देते.

काय?

नाही, मला नीट ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा.

खोकी. बाहेरून. फोडायची नव्हतीच. नुसती खोकी मोजून सही करायची असते, आतलं बघायचं तुमच्या कामातच नाही — आणि मोजून झालं होतं तुमचं. केव्हाच. मी होड्यांचं सांगत होते तेव्हाच. अहो, मग त्या खोक्याकडे का बघत होतात? बॅग ठेवायला. बॅग ठेवायला जागा बघत होतात.

मग ठेवायची ना. द्या इकडे, मी ठेवते. ठेवली. झालं. बघा, काहीच दबलं नाही. आता असं करू साहेब, मी काही बोललेच नाही. म्हातारी बाई आहे, दिवसभर खोक्यांशी बोलते, काहीबाही बडबडते, वरच्या कुणालाही विचारा, ते हेच सांगतील. तुम्ही मोजलंत, बरोबर भरलं, पेन काढलं. खिशालाच आहे पेन. कुणी ऐकलं? आपण दोघंच आहोत इथं. ऐकलेलं विसरता येतं माणसाला, मी किती विसरलेय या खोलीत.

तसं नसतं. बरं.

आणि एक कमी म्हणून लिहिलंत तर? बाकीची द्या, एकाची चौकशी करा. नाही? सगळाच साठा. चौकशी पूर्ण होईपर्यंत सगळाच साठा सील. आणि दुसरा हप्ता — हो, तो तर नाहीच, हेल्मेटं कुठली. चौकशी कोण करणार? दुसरे अधिकारी. ते केव्हा येतील ते तुमच्या हातात नाही. असणार कसं. तुम्ही चांगले आहात साहेब, तोंडावरून दिसतं, तुम्हाला वाईट वाटतंय, तेही दिसतं. तुमच्या जागी दुसरा असता तर ओरडला असता माझ्यावर. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. एवढंच करायचं होतं मला, तोंड मिटून खुर्ची द्यायची. लेकीसाठी कुलूप मोडायला जमलं, आणि तिच्यासाठी तोंड मिटायला जमलं नाही.

ऐकताय ना? बुटांचा आवाज. जिन्यावरून खाली येतायत. आली पोरं. खिडकीपाशी रांग लावतील आता, मीच सांगितलंय रांग लावा, दंगा करू नका. माझी पहिली असणार रांगेत — स्वतःसाठी नाही, तिला वाटत असेल आज सगळ्यांना मिळतंय, ते बघायचंय तिला.

उठा साहेब. बॅग घ्या. तिकडून नको, मागच्या दाराने जा. तुम्हाला हसतमुख बाहेर पडताना बघितलं तर पोरांना वाटेल सही झाली, आणि आत्ताच्या या तोंडाने बाहेर पडलात तर त्यांना कळेल, आणि चेहरे बघावे लागतील तुम्हाला. तुम्ही कशाला बघता. ते माझं काम आहे, खिडकी मीच उघडते रोज. पायरी मोडकी आहे, जपून. जा.

जा म्हटलं ना. आले गं, आले, उघडते.